जहाज आणि विमान यांमधील एक दिवस
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत लातूर येथे केलेले भाषण)



‘प्रवासातील एक अनुभव’ एवढाच विषय संयोजकांनी मला दिला आहे. मी नांदेडचा एक निवृत्त शिक्षक. माझा प्रवास बहुतेक एस.टी.चा, नांदेड ते लातूर आणि परत. परंतु माझी आई या गावची माहेरवाशीण, म्हणून तिच्या माहेरी तिचीच गोष्ट सांगण्याचे धाडस करतो.

आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही. लातूरला तर २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा गावची लेक वयाच्या ८१ व्या वर्षी मुंबईहून गोव्याला आणि परत, असा जहाजाचा प्रवास करून आली. परदेशी असलेली माझी कन्या, जावई आणि नातू सुट्टीवर आले होते. आजीला समुद्र दाखवायचा, हा कन्येचा हट्ट. जहाजावर जैन भोजनाची व्यवस्था होती. सूर्यास्तापूर्वी ताट मिळत असे. त्याविषयी अधिक सांगत नाही. मला सांगायचे आहे ते जहाज सोडल्यानंतरचे.

जहाज सकाळी मुंबईच्या बॅलार्ड पिअरला लागणार होते आणि मुलांचे विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होते. त्याच दिवसाचे तिकीट का घेतले नाही, असे मी जावईबापूंना विचारले. ते म्हणाले, “बाबा, जहाजाला उशीर झाला तर विमान थांबत नाही.” पूर्वी याच धक्क्यालगत रेल्वेचे स्थानक होते. विलायतेचे टपाल-जहाज लागले की त्याच्याशी वेळ जुळवून खास गाड्या उत्तरेकडे सुटत. आज ती सोय नाही; म्हणून मधला एक दिवस हाती ठेवावा लागतो.

त्या दिवसासाठी माझ्या वहीत आठ स्थळांची यादी तयार होती. शिक्षकाची सवय! हँगिंग गार्डन, राणीची बाग, घारापुरीची लेणी, वाळकेश्वरचे मंदिर, सगळे तासवार मांडलेले. ती यादी धक्क्यावरच मोडली, आणि तीही माझ्याच चुकीने.

जहाज सोडण्याची एक रीत असते. आदल्या रात्री मोठ्या बॅगांना रंगीत चिठ्ठी बांधून त्या खोलीबाहेर ठेवायच्या. कर्मचारी त्या रात्रीतून घेऊन जातात आणि सकाळी धक्क्यावर रंगाप्रमाणे मांडून ठेवतात. प्रवाशांनाही त्याच क्रमाने उतरवतात. मी मोठ्या उत्साहाने सगळ्या बॅगा बाहेर ठेवल्या. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यांतच गेल्या. सकाळी सातची गोळी तिला नऊ वाजून गेल्यावर मिळाली. आपणांपैकी कोणी पुढे असा प्रवास केला, तर औषधे, चष्मा, ओळखपत्र आणि एक जोडी कपडे हाताच्या पिशवीत ठेवावेत, एवढे माझे ऐकावे.

गोळी घेतली, आई उठली, दोन पावले चालली आणि तिने माझा दंड घट्ट धरला. “भुई हालायलीय की रे!”

श्रोतेहो, हे वाक्य लातूरच्या माणसाच्या तोंडून कसे निघते, ते आपणांस मी सांगायला नको. १९९३ साली आई दशलक्षण पर्वासाठी माहेरी आली होती. अनंत चतुर्दशीचा तिचा उपवास होता. दुसऱ्या दिवशी पारणे. ३० सप्टेंबरच्या त्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची भूमी हादरली आणि इथली घरेही थरारली. त्या पारण्याचे पुढे काय झाले, हे आईने आजवर आम्हांला सांगितलेले नाही. आम्हीही विचारले नाही.

जावईबापूंनी तिला समजावले. जहाजाच्या डोलण्याशी शरीराने तोल जुळवून घेतलेला असतो. जमिनीवर आल्यावर ती सवय लगेच सुटत नाही, म्हणून स्थिर जमीन हलल्यासारखी वाटते. पुष्कळांना असे होते आणि बहुधा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत ते ओसरते. आईने सगळे ऐकून घेतले. माझा दंड मात्र सोडला नाही.

मी वही खिशात घातली. सी. पी. टँक परिसरातील एका धर्मशाळेत सामान ठेवले, आईला दोन तास निजू दिले आणि दुपारी टॅक्सीने फक्त वस्तुसंग्रहालय गाठले. पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९२२ पासून ते लोकांसाठी खुले आहे. तेथे भगवान बाहुबलींची ब्राँझची एक मूर्ती आहे, नवव्या शतकाच्या सुमाराची, कर्नाटकातील. श्रवणबेळगोळच्या महामूर्तीपुढे ती लहानशीच, पण अंगावर चढलेल्या वेली कलावंताने अशा नाजूक घडवल्या आहेत की पाहणाऱ्याचा पाय निघत नाही. नातू पुढे पळत होता. आई तेथेच उभी राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “हे मात्र काही हालेनात.” आणि त्यानंतर तिने माझा दंड सोडला. दंडावर बोटांचे वळ उमटले होते.

पाच वाजता भोजन उरकून आम्ही गेटवे ऑफ इंडियाला गेलो. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा याच अपोलो बंदरावर उतरले, त्याच्या स्मरणार्थ ही कमान उभी राहिली आणि १९२४ साली तिचे उद्घाटन झाले. संग्रहालय आणि कमान या दोन्ही वास्तूंचे रचनाकार एकच, जॉर्ज विटेट. आगमनासाठी बांधलेल्या त्याच कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अखेरची ब्रिटिश पलटण मायदेशी निघाली. हे सगळे मी नातवाला सांगत होतो. तो दाणे टिपणारी कबुतरे मोजत होता.

इतक्यात कन्येने बोट दाखवले. आमचेच जहाज नवे प्रवासी घेऊन पुन्हा निघाले होते. मुंबईची ती बाजू पूर्वेकडची, सूर्य आमच्या पाठीशी होता आणि शेवटचे ऊन जहाजावर पडले होते. आई म्हणाली, “आपल्या खोलीत आता दुसरं कुणी असंल.” मग कन्येकडे न पाहता तिने विचारले, “परत कधी येशील गं?” कन्येने उत्तर दिले नाही. तिने आजीच्या खांद्यावरची शाल नीट केली. घारापुरी, राणीची बाग, काहीही पाहायचे राहिल्याची रुखरुख मला त्या क्षणी वाटली नाही, हे प्रांजळपणे सांगतो.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर गेलो. सामान थोडे असेल त्यांना आता भुयारी मेट्रो सोयीची आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपासून पूर्ण मार्गावर धावते. आमच्याकडे पाच बॅगा होत्या, म्हणून आम्ही मोटार केली. तिकिटाखेरीज आत सोडत नाहीत, त्यामुळे निरोप दारातच घ्यावा लागला. कन्या वाकली, आजीच्या पाया पडली आणि हसत म्हणाली, “आजी, भुई थांबली का?”

“माझी थांबली गं,” आई म्हणाली, “आता तुमची हालंल.”

शिपायाने तिकिटे पाहिली. मुले आत गेली. रात्रीच्या लातूर एक्स्प्रेसला अजून बराच अवकाश होता. आई दारासमोरच्या कठड्याला टेकून उभी राहिली आणि मी तिच्या शेजारी.