जंगल आपल्याच सातबाऱ्यावर आहे

(चिपळूण येथे भरलेल्या कोकणातील निसर्गप्रेमी कार्यकर्त्यांच्या संमेलनातील स्वागताध्यक्षीय भाषण)



चिपळूणकरांच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. डोंगरावर परशुराम, पायथ्याशी वाशिष्ठी आणि खाडीच्या तोंडावर गोवळकोट, अशी या नगरीची ठेवण. १८६४ साली स्थापन झालेले, आज लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर म्हणून ओळखले जाणारे ग्रंथालय याच गावचे. २०१३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद आम्ही सांभाळले. पाहुण्यांची सरबराई करण्याची या गावाला सवय आहे, त्यामुळे जेवणाखाण्याची काळजी आपण करू नये. आज आपल्यावर सोपवायची कामे मात्र बरीच आहेत, आणि ती सांगण्यासाठीच मी उभा आहे.

चिपळूण म्हटले की अलीकडे महापूर आठवतो. २६ जुलै २००५ चा पूर आम्ही विसरत आलो होतो, तोवर २२ जुलै २०२१ उजाडली. बाजारपेठ बुडाली, घरे बुडाली, वाचन मंदिरातली पुस्तके भिजली. पुढे चिखल उपसून झाल्यावर लोकांनी नदीकडे पाहिले. वाशिष्ठीत आणि शिवनदीत वर्षानुवर्षांचा गाळ साचला होता. तो काढावा म्हणून त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागरिकांनी साखळी उपोषण केले. दुकानदार, डॉक्टर, गृहिणी आळीपाळीने येऊन बसल्या. त्यानंतर शासनाने आणि नाम फाउंडेशनने गाळ काढायला सुरुवात केली. या प्रकरणातून आम्ही एक गोष्ट शिकलो. नदी सरकारी असली तरी तिचे दुखणे आधी काठावरच्या माणसाला कळते, आणि त्याने तोंड उघडल्याशिवाय कोणी हलत नाही.

नदीचे हे झाले. जंगलाचे काय? बाहेरून येणारा पाहुणा घाट उतरताना हिरवेगार डोंगर पाहतो आणि त्याला वाटते, हे सगळे वनखात्याचे. तुम्हाआम्हाला खरे ठाऊक आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातली जमीन अगदीच थोडी. बाकी डोंगर कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर आहेत. त्या सातबाऱ्यावर आजोबांपासूनची वीस-पंचवीस नावे, त्यातली निम्मी माणसे मुंबई-ठाण्यात, आणि गावात एक म्हातारा काका. ठेकेदार येतो, उभ्या डोंगराचा उक्ता सौदा करतो, एकेकाला गाठून सह्या घेतो. प्रत्येकाच्या हातात पडते ती रक्कम एका सणाच्या खर्चालाही पुरत नाही, आणि डोंगर मात्र बोडका होतो. मुंबईकर बांधवांनो, गणपतीला आणि शिमग्याला तुम्ही सगळे भावकीसह घरी असता. आरती झाल्यावर अर्धा तास सातबारा समोर घेऊन बसा. कोणता भाग तोडायचा नाही, कोणती जुनी झाडे ठेवायची, हे एकमताने ठरवा आणि कागदावर उतरवून काकांच्या हाती द्या. निसर्गरक्षणाचे यापेक्षा जवळचे काम मला तरी ठाऊक नाही.

जुनी झाडे ठेवा, असे का म्हणतो? ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, आपण सर्वांनी पाहिला आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याची मादी बेहडा, सातवीण, आंबा अशा जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते. राहते ती एक फट. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लांना फळे भरवतो. त्या मोसमात ते झाड तोडले तर अख्खे कुटुंब जाते. आणि अशी ढोली तयार व्हायला झाडाचे वय लागते, ते नव्या रोपातून उद्या मिळत नाही. म्हणून नवी झाडे लावण्याच्या कार्यक्रमाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, उभी झाडे राखण्याचे काम मोलाचे आहे. त्याला फोटो काढण्याजोगा समारंभ नसतो, एवढेच.

या संमेलनात मोठमोठ्या प्रश्नांवर चर्चा होईल, ठरावही होतील. माझी विनंती एवढीच की, इथून जाताना प्रत्येकाने आपल्या गावचे, आपल्या हातात असलेले आणि ठरावीक महिन्यात करायचे एक काम ठरवून जावे. निसर्गाची कामे शेतीसारखी हंगामाची असतात. वेळ टळली की वर्ष गेले. म्हणून आजपासूनचा हंगाम मी आपल्यासमोर मांडतो.

सध्या डिसेंबर चालू आहे. पऱ्यांना अजून धार आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये वाड्यांवर टँकर येतो. उतार तीव्र, कातळ सच्छिद्र. पाणी थांबत नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, पऱ्यातलीच माती-वाळू, सुतळी आणि वाडीतली पंधरा माणसे एवढ्यावर एका रविवारी वनराई बंधारा उभा राहतो. गोण्यांचे थर विटांसारखे सांधे चुकवून रचायचे, इतकीच त्यातली कारागिरी. खालच्या विहिरींना त्याचा दिलासा मिळतो, आणि रानातल्या जनावरांनाही पाणी प्यायला जागा होते.

याच दिवसांत गवत वाळू लागते. ते पूर्ण वाळण्याआधी बागेभोवती आणि देवरहाटीभोवती जाळरेषा काढून घ्यायला हवी. आंबा-काजूच्या कलमांना वणव्याची झळ किती बसते, हे इथल्या बागायतदारांना सांगायला नको. पुष्कळदा आगीचे मूळ आपल्याच भाजावळीत असते. तरव्यासाठी कवळ तोडून पसरायची, दुपारी वाऱ्यात पेटवायची आणि जेवायला घरी जायचे, की ठिणगी डोंगरावर चढली. भाजावळ बंद करा, असे मी म्हणत नाही. पहाटे करा, वारा पडलेला असताना करा, शेजाऱ्याला सांगून करा आणि विझेपर्यंत तिथून हलू नका. प्रत्येक वाडीत आठ-दहा तरुणांचा वणवा गट असावा. एकाचा फोन आला की बाकीच्यांनी हिरव्या टहाळ्या घेऊन निघायचे. टहाळीने झोडपून वणवा विझवायची रीत आपल्या आजोबांना येत होती. ती नातवांनी शिकून घ्यावी.

किनाऱ्यावरच्या मंडळींचा हंगाम तर सुरूच झाला आहे. नाना फडणवीसांचे मूळ गाव ही वेळासची जुनी ओळख. आता लोक त्या गावाला कासवांचे गाव म्हणतात. चिपळूणच्याच सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तिथे काम सुरू केले, तेव्हा कासवाची अंडी माणसे उकरून नेत आणि उरलेली कोल्ही-कुत्री खात. आज नेमके काय होते ते पाहा. कासवमित्र पहाटे किनाऱ्यावरून चालत जातो. वाळूत मादीच्या येण्याजाण्याच्या खुणा दिसतात. त्या जिथे वळतात तिथे तो काठी हलकेच टोचून पाहतो. वाळू भुसभुशीत लागली की हाताने उकरतो. शंभर-सव्वाशे अंडी निघतात. अंडे जसे होते तसेच, न फिरवता, टोपलीत घ्यायचे आणि कुंपण घातलेल्या जागेत तितक्याच खोल, दीडेक फुटाच्या खड्ड्यात ठेवायचे. ४५ ते ६० दिवसांनी वाळू हलू लागते. पिल्ले बाहेर येतात आणि गावकरी त्यांना समुद्राकडे सोडतात. पुढे वनखाते यात उतरले, काम इतर किनाऱ्यांवर पसरले, कासव महोत्सव सुरू झाले आणि वेळासच्या घराघरांत पाहुणे उतरू लागले. पूर्वी अंडी विकली जात त्या गावात आता पिल्ले पाहायला येणाऱ्यांमुळे चार पैसे येतात.

या कामाची पोच किती लांब आहे, हेही सांगतो. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीला क्रमांकाची पट्टी लावली होती. जानेवारी २०२५ मध्ये ती गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली. एका किनाऱ्यावरची माणसे पट्टी लावायला होती आणि दुसऱ्या किनाऱ्यावरची ती वाचायला होती, म्हणून हा प्रवास आपल्याला कळला.

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते. गावतळ्यावर, खाडीच्या चिखलावर सकाळी दोन तास बसायचे आणि दिसेल ते लिहायचे. शाळांनी हे काम घ्यावे. ई-बर्डवर एखाद्या विद्यार्थ्याने टाकलेली यादी देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तयार करताना उपयोगी पडते. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेपर्यंत आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो; मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडलेला. तेव्हा मात्र नुसते भाषण ठेवू नका, मुलांना बाहेर काढा.

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे. तिथे एक प्रश्न विचारा: आपल्या गावची जैवविविधता नोंदवही कुठे आहे? २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने ही नोंदवही करायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात असते. ती मागून घ्या, मोठ्याने वाचा, आणि वैदूला, गुराख्याला, खेकडी पकडणाऱ्या पोराला विचारून तीत भर घाला. पावसाळ्याच्या सुरुवातीला सड्यावर जा. महसुली दप्तरात पोटखराब म्हणून लिहिलेल्या त्याच कातळावर कोकण दीपकाडी फुलते, जी जगात आपल्या पट्ट्याबाहेर जवळजवळ मिळत नाही. नोंद असली तर पुढे मागता येते. सिंधुदुर्गात आंबोलीचे हिरण्यकेशी तिथल्या एका छोट्या माशामुळे आणि दोडामार्गातली बांबर्ड्याची देवराई तिथल्या दलदलीतल्या रानजायफळामुळे जैवविविधता वारसास्थळ ठरली. दोन्ही देवाच्या जागा. लोकांनी राखल्या, म्हणून अभ्यासकांना तिथे काही सापडले.

आता आभाराचे दोन शब्द. या संमेलनासाठी आपले सभागृह, घरे आणि वाहने देणारे चिपळूणकर, दोन दिवसांचे जेवण रांधणाऱ्या महिला बचत गटांच्या भगिनी, पाण्याच्या बाटलीऐवजी तांब्या-भांडे चालेल असे आनंदाने मान्य करणारे आमचे मान्यवर पाहुणे, या सर्वांचा स्वागत समिती ऋणी आहे.

नोंदणीच्या टेबलावर जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांच्या नऊ वह्या ठेवल्या आहेत. बाहेरच्या मंडळींसाठी दहावी आहे. त्यात चार रकाने आहेत: नाव, गाव, काम आणि महिना. "पर्यावरण जागृती करीन" असे कृपया लिहू नका. "डिसेंबर, वरच्या वाडीच्या रहाटीभोवती जाळरेषा" असे लिहा. उद्या समारोपाच्या सत्रात या वह्या तालुक्याच्या संयोजकांकडे दिल्या जातील आणि ते त्या-त्या महिन्यात तुम्हाला फोन करतील. फोन उचलावा, ही स्वागताध्यक्ष म्हणून माझी एकच अट.

आपले पुन्हा एकदा स्वागत करतो आणि संमेलनाध्यक्षांना कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.