नाताळचं दळण

नाताळ तोंडावर आला की कर्जत, नेरळ, खोपोलीच्या बाजारात मैदा, रवा, बेदाणे यांची खरेदी सुरू होते. ज्या घरात कुणाला सिलिॲक, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार, आहे, किंवा सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांत कुणाला आहे, त्या घरचं माणूस मात्र ग्लुटेन-फ्री पाकिटांसाठी पनवेल-मुंबई गाठतं. अशा घरांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, की खरेदीआधी पिठाच्या गिरणीचा विचार करा. आपला हा भाताचा मुलूख. कर्जतच्या भात संशोधन केंद्राला शंभर वर्षं उलटून गेली, आणि वरकस उतारावर नाचणी-वरी पिकते. या तिन्ही धान्यांत ग्लुटेन मुळातच नाही. ते असतं गहू, जव आणि रायमध्ये. त्यामुळे फुगे, कुलकुल, नेवऱ्या बाजूला ठेवल्या तरी तांदळाच्या सान्ना, दोदोल, हरभऱ्याच्या डाळीचा दोस, हातावरची भाकरी एवढं ताट उरतंच. अडतं ते पुढे. हाच तांदूळ आपण गव्हाच्या गिरणीत दळायला टाकतो.

कुणी म्हणेल, आम्ही गिरणीवाल्याला ‘तांदळावर तांदूळ टाका’ असं बजावतो. मोदकाच्या पिठासाठी तेवढं पुरतं, सिलिॲकसाठी पुरत नाही. सकाळपासून गहू दळलेल्या दगडाच्या खाचांत आणि पीठ पडतं त्या कापडी नळीत कणीक बसलेली असते. एवढ्याशानं काय होतं, हा प्रश्न हमखास येतो. पातेलंभर दुधाला विरजण किती लागतं? चमचाभर. दूध घरच्या म्हशीचं आहे, पातेलं घासलेलं आहे, याचा उपयोग होत नाही. चमचा पडला की सकाळी दही. आणि विरजण दिसत नाही म्हणून ते लागलेलं नाही, असंही कुणी म्हणत नाही. हिशेबच पाहा. आपल्याकडच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची ग्लुटेन-फ्री पदार्थांसाठीची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धरला, तर किलोभर तांदळाच्या पिठात २०० मिलिग्रॅम कणीक, म्हणजे जेमतेम चिमूट, ती मर्यादा गाठते. म्हणून सांगते, तांदूळ धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरमध्ये दळा. सान्नांचा तांदूळ तर भिजवूनच वाटायचा असतो, तिथे गिरणीचा संबंधच येत नाही.

हे सगळं नवं फॅड आहे, असंही म्हणतात. फॅड म्हणून गहू सोडणारे आहेत, हे मान्य. पण सिलिॲकमध्ये ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते, आणि जन्मभराचं पथ्य हाच त्यावरचा उपाय आहे. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं गव्हाचा हा संबंध १९५०च्या आपल्या प्रबंधात मांडला. म्हणजे ही गोष्ट कालपरवाची नाही. मात्र शंका असेल तर आधी रक्ततपासणी करा. गहू आधीच बंद केला, तर तपासणीत आजार लपतो.

आता पाकिटांविषयी. ग्लुटेन-फ्री असा शिक्का असलेलं पाकीट जरूर घ्या, परवडत असेल तर. पण नाचणी बिस्किटावर नाचणीचं चित्र मोठं असतं आणि मागे बारीक अक्षरांत पहिलाच घटक पुष्कळदा मैदा असतो. ‘मल्टिग्रेन’चंही तेच. हिंगाची डबी उलटी करून वाचा. बहुतेक वेळा त्यात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. वसई-मुंबईकडच्या नातेवाइकांनी प्रेमानं पाठवलेल्या बाटली मसाल्याचीही चौकशी करा, कारण ईस्ट इंडियन घरांतल्या कित्येक पद्धतींत मिरची-धण्यांबरोबर भाजलेले गहू कुटतात. त्यांना विचारायला संकोच वाटू देऊ नका. पाठवणाऱ्यालाही तुमच्या घरच्या माणसाचं पोट सांभाळायचंच असतं.

वेळ संपत आली. ओट्सविषयी बोलायचं होतं, ते राहिलं. शिक्का नसेल तर सध्या घेऊ नका, एवढं लक्षात ठेवा. माल्ट व्हिनेगर जवाचं असतं, त्याऐवजी नारळाचं घ्या. आणि ज्या तेलात फुगे तळले, त्यात सिलिॲक असलेल्या माणसासाठी काही तळू नका. त्याची कढई आधी चढवा, आणि मग बाकीच्यांची.