पूर, घर आणि विमा



पैनगंगा आणि वर्धा या नद्या यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहतात. पूस, अरुणावती, अडाण आणि बेंबळा त्याच्या अंतर्भागातून. परंतु पूर केवळ मोठ्या नदीच्या काठीच येतो असे नव्हे. २२ जुलै २०२३ रोजी अतिवृष्टीमुळे महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यास पाण्याने वेढले आणि अडकलेल्या ग्रामस्थांच्या सुटकेसाठी बचाव पथके पाचारण करावी लागली. त्याच दिवशी यवतमाळ शहरातही घरांमध्ये पाणी शिरले.

पूर ओसरल्यावर पंचनामा होतो व शासकीय मदत मिळते. ही मदत मोलाची खरी. तथापि ती तातडीचा आधार आहे, संपूर्ण भरपाई नव्हे. २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीच्या आपत्ती निधीच्या निकषांत सपाट प्रदेशातील पूर्णतः पडलेल्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये, तर किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घरासाठी ६ हजार ५०० रुपये ठरविण्यात आले.

कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास पीक विमा परिचित आहे. पण त्यात घर येत नाही. घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. आगीबरोबरच पूर, वादळ व भूकंप यांचा तीत समावेश होतो. विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावरून ठरते. जागेची किंमत धरली जात नाही. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सर्वसाधारण सामानासही संरक्षण मिळते. दागिने मात्र आपोआप त्यात येत नाहीत.

मग विमा घ्यावा काय? कुटुंबप्रमुखाने तीन प्रश्नांचा विचार करावा. पूर्वीच्या पुराचे पाणी कोठवर आले होते? घर पडल्यास ते बचतीतून पुन्हा उभारता येईल काय? वार्षिक हप्ता नियमित भरता येईल काय? उंचावरील घरास निकड कमी. नाल्याकाठच्या, आयुष्याची कमाई खर्चून बांधलेल्या घरास ती अधिक. घर कर्जाचे असल्यास बँकेने आधीच विमा उतरविला आहे काय, हे पाहावे. घर मातीचे वा कुडाचे असल्यास ते विम्यास पात्र आहे काय, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

ग्रामपंचायतीने जुन्या पुराची पातळी शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवावी, शिक्षकांनी ती मुलांना दाखवावी आणि ग्रामसभेत या प्रश्नांची चर्चा व्हावी. विमा पाणी अडवीत नाही. नाले मोकळे ठेवण्याचे काम गावालाच करावे लागते. आणि पूर येऊन गेल्यावर उतरविलेला विमा झालेले नुकसान भरून देत नाही. म्हणून हा निर्णय मृग नक्षत्र लागण्यापूर्वीच व्हावयास हवा.