राज्यशास्त्र घेतले म्हणजे मार्क कमी पडले असे नाही



आपल्या जठारपेठेत दहावीला चांगले मार्क पडले की सायन्स, हे ठरलेलेच. मीही त्याच वाटेने इंजिनीअर झाले, तक्रार नाही. पण माझ्या भाचीने बारावी सायन्सनंतर बी.ए.ला राज्यशास्त्र घेतले, तेव्हा सगळ्यांनी एकच विचारले, "मार्क कमी पडले काय?"

तिच्याशी बोलताना मला आपलेच गाव नव्याने कळले. ऑगस्ट १९४७मध्ये, स्वातंत्र्याच्या तोंडावर, अकोला करार झाला: एका महाराष्ट्रात महाविदर्भ व पश्चिम महाराष्ट्र असे दोन उपप्रांत. ते झाले नाहीत. १९५३ला नागपूर करार आला. १९५६ला घटनेच्या कलम ३७१मध्ये विदर्भाच्या विकास मंडळाची तरतूद झाली. मंडळ यायला १९९४ उजाडले. 'अनुशेष' हा शब्द आपण पेपरात नेहमी वाचतो. त्यामागचे हे सारे ती अभ्यासते.

प्रोग्राम बिघडला की आम्ही आधी तो कोणी, कशासाठी लिहिला ते बघतो. राज्यकारभाराचे तसेच बघणे म्हणजे हा विषय.

गुरुजनांना आणि आता आई-बाप झालेल्या तुम्हा सर्वांना एकच विनंती: एखाद्या हुशार मुलीने राज्यशास्त्र मागितले, तर तिचे मार्क विचारू नका. काय वाचते आहेस, ते विचारा.