हृदयध्वनी ऐकण्याचे शिक्षण



सुवर्णमहोत्सवानिमित्त वैद्यकीय शिक्षणाविषयी काही बोलावे, अशी आज्ञा संयोजकांनी केली. हा विषय फार विस्तृत आहे. त्यातील एकाच लहानशा गोष्टीविषयी मी बोलणार आहे. कारण त्या गोष्टीत मी स्वतः एकदा अनुत्तीर्ण झालो आहे, आणि तेही परीक्षेत नव्हे.

१९७८ साल होते. वॉर्डातील एका पलंगाभोवती आम्ही पंचवीस विद्यार्थी उभे होतो. पलंगावर मिट्रल झडप अरुंद झालेली एक तरुण स्त्री होती. एकेकाने पुढे व्हावे, स्टेथोस्कोप टेकवावा, ‘मर्मर ऐकू आला?’ या प्रश्नास ‘हो सर’ म्हणावे व मागे सरावे, असा क्रम चालला होता. माझी पाळी आली. मला काहीही ऐकू आले नाही. मीही ‘हो सर’ म्हणालो. त्या बाईंना पंचवीस वेळा आपली छाती परक्या हातांच्या स्वाधीन करावी लागली, हा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनाला शिवला नाही.

तीन वर्षांनी मी ग्रामीण भागात सेवेत होतो. सातव्या महिन्यातील एक गर्भवती दम लागतो म्हणून आली. मी तिला बसवूनच तपासले, रक्त कमी आहे असे ठरवले आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. बारा दिवसांनी रात्री तिला बैलगाडीतून आणले, तेव्हा तिला आडवे होणे अशक्य झाले होते आणि तोंडाला गुलाबी फेस येत होता. जिल्ह्याच्या ठिकाणी उपचारांनी ती स्थिरावल्यावर तेथील ज्येष्ठ डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर वळवले आणि आपला स्टेथोस्कोप माझ्या कानांना लावला. ज्या ध्वनीला मी पूर्वी ‘हो’ म्हटले होते, तो मी त्या दिवशी प्रथम ऐकला. ती वाचली. मूल वाचले नाही.

हा ध्वनी इतका कसा निसटतो? हृदयाचे दोन मुख्य ध्वनी आपण ‘लब्-डब्’ म्हणून जाणतो. कर्णिका व जवनिका यांच्यामधील झडपा मिटतात तो पहिला. महारोहिणी व फुप्फुस-रोहिणी यांच्या मुखाशी असलेल्या झडपा मिटतात तो दुसरा. या दुसऱ्या ध्वनीनंतरच्या अवकाशात, अरुंद झडपेतून रक्त वाट काढीत असताना, शेजारच्या घरात जाते फिरावे तशी मंद घरघर उमटते. अशा खालच्या पट्टीतील ध्वनींच्या बाबतीत मनुष्याचा कान मुळातच दुबळा आहे. म्हणून रुग्णास डाव्या कुशीवर घ्यावे, स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू अगदी हलकेच टेकवावी आणि श्वास सोडून क्षणभर थांबण्यास सांगावे लागते. हे सारे मी उत्तरपत्रिकेत लिहिलेले होते!

१९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पदव्युत्तर प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना पाचांपैकी सरासरी एकच हृदयध्वनी ओळखता आला. म्हणजे ‘हो सर’ म्हणणारा मी एकटा नव्हतो. पुढे २००४ साली फिलाडेल्फियातील एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रत्येक मर्मर ध्वनी पाचशे वेळा ऐकवण्यात आला आणि त्यांची ओळखण्याची क्षमता पुष्कळ वाढली. गायनाच्या शिष्याला यात नवल वाटणार नाही. पण पाचशे वेळा तपासू द्या, असे कोणत्या रुग्णास सांगावे?

येथे संगणकीय साधने उपयोगी पडतात. डिजिटल स्टेथोस्कोप छातीवरील कंपनांचे विद्युत्संकेतांत रूपांतर करतो, ते वाढवतो, साठवून ठेवतो आणि त्यांचा आलेख पडद्यावर दाखवतो. तोच ध्वनी संथ गतीने, एकाच वेळी साऱ्या वर्गाला ऐकवता येतो. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक यांनी एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे प्रशस्त न वाटून कागदाची सुरळी केली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. रुग्णाच्या संकोचाचा मान राखण्यासाठी आलेले साधन आम्ही पंचवीस जणांनी पाळीपाळीने वापरावे, हा विपर्यासच होता.

आता इकोची सोय असताना कानांचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. कंबोडिया व मोझांबिक येथील शाळकरी मुलांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, नुसत्या स्टेथोस्कोपने सापडले त्याच्या सुमारे दहापट रुग्ण इकोने सापडले. कानांचा अभिमान धरण्यात अर्थ नाही. परंतु त्या गर्भवतीला इकोसाठी पाठवणार कोण? प्रथम कोणाच्या तरी मनात शंका यावी लागते. रुमॅटिक तापाने झडप बिघडल्याचे वेळीच कळले, तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देऊन पुढील हानी रोखण्याचा प्रयत्न करता येतो.

मात्र ध्वनिमुद्रण हे निवडून, निर्मळ केलेले असते. वॉर्डात पंखा घरघरतो, शेजारचा रुग्ण खोकतो, छातीवर केस असतात. म्हणून माझ्या वर्गात आधी ध्वनी ऐकून कागदावर उत्तर लिहावयाचे, मग आलेख पाहावयाचा, आणि त्याच दिवशी वॉर्डात जावयाचे. एका रुग्णाकडे दोघांनीच, परवानगी घेऊन, पडदा ओढून. ‘ऐकू आले नाही’ या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. मध्यंतरी एका विद्यार्थिनीने, माझा चेहरा पाहत असतानाही, स्पष्ट सांगितले, “सर, मला काहीच ऐकू येत नाही.” मी तिचा स्टेथोस्कोप हातात घेतला. त्याचे तोंड उलट्या बाजूला फिरलेले होते.

समोरच्या मेजावर यंत्र जोडून ठेवले आहे. आधी निरोगी हृदय आणि मग अरुंद झालेली मिट्रल झडप, असे दोन्ही ध्वनी मी आपणांस ऐकवतो. दुसऱ्यात काही वेगळे जाणवले नाही, तर निःसंकोच तसे सांगावे. कार्यकर्त्यांना विनंती की, कृपया पंखे थोडा वेळ बंद करावेत.