थायलंडचा बाट का कोसळला?

परदेशी पैसा देशात आला म्हणजे भलंच झालं, असं आपण सहज धरून चालतो. तो कोणत्या रूपानं आला, हे मात्र विचारायलाच हवं.

थायलंडचं पाहा. 1990 नंतर तिथे परदेशी भांडवलाचा ओघ लागला होता. जपानी कंपन्यांचे मोटार कारखाने वाढत होते. पण त्याहून मोठी रक्कम बँका आणि वित्त कंपन्यांनी डॉलरमध्ये, बरीचशी अल्प मुदतीनं उचलली आणि बँकॉकच्या बांधकामांत ओतली. आता इमारत काही निर्यात करता येत नाही. भाडं बाट या थाई चलनात आणि हप्ता डॉलरमध्ये! 1996 मध्ये चालू खात्यावरची, म्हणजे मुख्यतः आयात-निर्यातीच्या हिशेबातली, तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या 8 टक्क्यांच्या आसपास गेली. डॉलरला सुमारे 25 बाट हा भाव टिकवता टिकवता मध्यवर्ती बँकेची गंगाजळी आटली. 2 जुलै 1997 रोजी तिनं हात टेकले आणि बाटचा भाव बाजारावर सोडला. जानेवारी 1998 मध्ये डॉलर 50 बाटच्याही वर गेला. बँकॉकमधला साथोर्न युनिक हा मनोरा तेव्हापासून अर्धवटच उभा आहे. लाखोंच्या नोकऱ्या गेल्या.

1998 मध्ये चालू खात्यात शिल्लक दिसली. पण ती सुबत्तेची नव्हती. लोकांनी आयात माल घेणंच सोडलं होतं. नुसत्या आकड्यावर भाळू नये, असं मला कळकळीनं वाटतं ते यासाठीच.

मोटार कारखाने मात्र राहिले, कारण यंत्रं रातोरात उचलून नेता येत नाहीत. देशात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा स्वस्त झालेल्या बाटच्या बळावर त्यांनी जास्त गाड्या परदेशी धाडल्या.