शरदात फुलणारा हिरवा नार्सिसस
नार्सिससची बहुतेक फुले वसंतात येतात, पिवळी किंवा पांढरी. नार्सिसस विरिडिफ्लोरस मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलतो, आणि तोही हिरवा. दक्षिण स्पेन, जिब्राल्टर आणि मोरोक्को इथला हा रहिवासी. चांदणीसारख्या त्याच्या अरुंद पाकळ्या गवतात पटकन नजरेस पडत नाहीत. रात्री मात्र गोड वास दरवळतो आणि पतंगांना बोलावतो. फुलणाऱ्या कांद्याला बहुधा पान येतच नाही. पोकळ हिरवा दांडाच पानाचे काम करतो. म्हणून फूल सुकले तरी दांडा कापू नये, कांदा त्यावरच पोसतो. लागवडीसाठी कुंडी खोल आणि मातीत भरड वाळू हवी. उन्हाळाभर कांदे उबदार जागी कोरडे राहू द्यावेत, सप्टेंबरात पहिले पाणी द्यावे. हिवाळ्यात भरपूर ऊन हवे, पण गोठवणाऱ्या थंडीपासून जपावे. दांडा पिवळा पडू लागला की पाणी हळूहळू तोडावे.